मिसळीचं हॉटेल गेममध्ये स्टॉप म्हणून टाकायचंय, दोनदा रिजेक्ट झालं, जाणकारांनी मदत करा

कट_वाढा:
नमस्कार मंडळी. इथं पोकेमॉन गो नाहीतर इन्ग्रेस (फोन घेऊन रस्त्यानं हिंडत खेळायचे गेम) खेळणारे किती जण आहेत माहीत नाही, पण धागा काढतोच, कारण घरात विषय काढला की "वय काय तुझं" इथनं सुरुवात होते. मी सांगलीचा. गावभागात आमचं एक मिसळीचं हॉटेल आहे, आमचं म्हणजे मालकीचं नव्हे, शाळेत असल्यापासनं खातोय म्हणून आमचं. नाव आत्ता मुद्दाम लिहीत नाही, परत टाकणार आहे आणि उगाच कुणी ओळखीनं मतं दिली असं व्हायला नको.

तर ते हॉटेल गेममध्ये स्टॉप व्हावं म्हणून मी नॉमिनेट केलं. दोनदा. दोन्ही वेळा परत आलं. कारण काय, तर जनरिक बिझनेस. लगा जनरिक? ज्यानं कट चाखला नाही तो ठरवणार?? नॉमिनेशनसाठी लेव्हल ३७ लागायची, तिथवर पोचायला मला चार वर्षं गेली, पायी हिंडून हिंडून चपला झिजल्या आणि पोचल्यावर हे.

मी लिहिलेलं जसंच्या तसं देतो: "सांगलीतील सुप्रसिद्ध व सर्वोत्कृष्ट मिसळ. एकदा खाल तर पुन्हा पुन्हा याल. शुद्ध व स्वच्छ. पार्सलची सोय आहे." फोटो मिसळीच्या प्लेटचा, वरनं काढलेला, लिंबाची फोड बरोबर मधे. फोटो तर लई भारी आला होता.

काय चुकलं सांगा.

गल्लीबोळ:
"पार्सलची सोय आहे" =)) =))

भाऊ रागावू नको पण हे नॉमिनेशन नाही, पेपरात टाकायचं पँप्लेट आहे. मी २०१४ पासून इन्ग्रेस खेळतोय, वेफेअररवर, म्हणजे सुचवलेल्या जागा तपासायच्या साइटवर, रिव्ह्यूही भरपूर केलेत, आणि हॉटेलांची नॉमिनेशनं दहातली आठ तरी अशीच येतात. रिव्ह्यू करणाऱ्याला मिसळ कशी आहे याच्याशी घेणं नसतं. त्याला पाच-सहा गोष्टी विचारतात, जागा योग्य आहे का, तिथे पायी सुरक्षित पोचता येतं का, माहिती आणि पिन बरोबर आहे का, ती कायमची आणि वेगळी ओळखू येणारी आहे का, आणि मग शेवटी मुख्य प्रश्न, की इथे लोक जमतात का, किंवा फिरायला आलेल्याने बघावं असं काही आहे का, किंवा व्यायामाची जागा आहे का. मिसळ खाऊन व्यायाम होत नाही त्यामुळे तुझ्याकडे दोनच दरवाजे आहेत, जमण्याचा आणि बघण्याचा. तू दोन्ही सोडून तिसऱ्याच दारावर टकटक करतोयस, चवीच्या.

आणि प्लेटचा फोटो कशाला? प्लेट पाच मिनिटांत संपली ना तुझी? फोटो जागेचा हवा, पाटीचा, दर्शनी भागाचा.

निवांत_आजोबा:
हे काय प्रकरण आहे कोणी समजेल असे सांगेल काय? माझा नातू रविवारी सकाळी शनिपाराशी फोन घेऊन उभा असतो, मी समजत होतो मुलगी वगैरे असेल.

गल्लीबोळ:
@निवांत_आजोबा, काका, मुलगी असती तर बरं झालं असतं :)

थोडक्यात सांगतो. नकाशावर चालणारे गेम आहेत. तुम्ही खरोखर रस्त्याने चालत गेलात तरच गेममध्ये पुढे सरकता. देऊळ, पुतळा, जुनी विहीर, वाचनालय अशा खऱ्या जागांवर गेममधले ठिपके, म्हणजे स्टॉप, असतात, तिथे पोचलं की वस्तू मिळतात. इन्ग्रेस नोव्हेंबर २०१२ मध्ये आला, तेव्हा तो गूगलच्याच आतल्या एका टीमचा होता, पुढे २०१५ मध्ये ती टीम नायँटिक नावाने वेगळी कंपनी झाली. त्या काळात आम्ही खेळणारेच फोटो काढून पाठवायचो आणि ते ठिपके व्हायचे. २०१५ च्या सप्टेंबरात नवीन घेणं बंद केलं. २०१६ ला पोकेमॉन गो आला त्याने तेच ठिपके उचलले. म्हणजे ज्या गावात २०१५ च्या आधी इन्ग्रेसवाले होते तिथे स्टॉपची रेलचेल, आणि जिथे नव्हते तिथे एक मारुती, एक गांधीपुतळा, झालं. नंतर २०१९ ला वेफेअरर आलं, त्यावर खेळणाऱ्यांनी सुचवायचं आणि खेळणाऱ्यांनीच तपासायचं असं चालू आहे.

भारतात डिसेंबर २०१६ मध्ये पोकेमॉन गो अधिकृत आला तो रिलायन्स जिओबरोबर, तेव्हा जिओची दुकानं रातोरात स्टॉप आणि जिम (झुंजी खेळायचे ठिपके) झाली. जपानमध्ये त्याच वर्षी मॅकडोनाल्डची सुमारे २९०० हॉटेलं स्टॉप नाहीतर जिम झाली होती. म्हणजे साखळीवाल्यांचा रस्ता पैशाचा, करार करून. आणि आपल्या कोपऱ्यावरच्या मिसळीचा रस्ता हा असा, अर्ज करून.

रंकाळा_राउंड:
सांगलीत मिसळ मिळते हे आजच कळलं. रिव्ह्यूवाला कोल्हापूरचा असणार भावा, विषय संपला.

कट_वाढा:
@रंकाळा_राउंड आलाच का. तुमच्यात बावडा, फडतरे, चोरगे एवढी नावं गाजलीत, आमच्या एकाला तरी ठिपका मिळू दे की.

जिन्याखालची:
ठाण्याहून. मी रिव्ह्यू करते आणि मी कडक आहे, आधीच सांगते. :D

कट_वाढा, तुम्हाला रिजेक्ट करणारा दुष्ट नव्हता. माझ्यासमोर तुमचं आलं असतं तर मीही तेच केलं असतं. स्क्रीनवर काय दिसतं विचार करा, एका प्लेटचा फोटो आणि "सर्वोत्कृष्ट". अख्ख्या महाराष्ट्रात "सर्वोत्कृष्ट" आणि "सुप्रसिद्ध" नसलेलं हॉटेल दाखवा मला. आमच्या गल्लीतला पोळीभाजी केंद्रवालाही सुप्रसिद्ध आहे, त्याच्या पाटीवर तसं लिहिलंय.

आता ज्यांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे त्यांचं सोपं असतं. मरीन लाइन्सचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं, पुण्यात डेक्कनचं गुडलक १९३५ चं. साल लिहिलं की निम्मं काम झालं. दादरच्या आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनला बक्षीस मिळालं त्याच्या बातम्या सापडतात. आमच्या ठाण्यात मामलेदार मिसळ, मामलेदार कचेरीला लागून म्हणून ते नाव, म्हणजे नावातच गोष्ट आहे. पण तुमचं हॉटेल असं गाजलेलं नसेल तर तुम्हालाच सांगावं लागणार की हे वेगळं का आहे, आणि ते "चव" सोडून सांगावं लागणार.

कोण बघतंय तेही लक्षात घ्या. जवळपासचे रिव्ह्यूअर कमी असले की तुमचं नॉमिनेशन लांब लांब जातं. अपग्रेड (नॉमिनेशन रांगेत पुढे घ्यायची सवलत) लावलं असेल तर आणखीच लांब. बंगळूरचा किंवा इंदूरचा मुलगा बघत असेल. त्याला मिसळ म्हणजे काय हेच नीट माहीत नसेल, तुम्ही त्याला कट सांगताय.

कट_वाढा:
@जिन्याखालची ताई, पटलं. म्हणजे पोटात दुखलं पण पटलं. अपग्रेड लावलंच होतं, शंभरेक रिव्ह्यू जुळल्यावर एक मिळतं ते दोन महिने राखून ठेवलेलं होतं आणि ते इथं घातलं.

पण मग लिहू काय? तिथं मिसळ खातात, चहा पितात, पेपर वाचतात, भांडतात आणि घरी जातात. यात वेगळं काय आहे?

हौन्स्लो_लोकल:
लंडनहून एक मुद्दा. इथे जवळजवळ प्रत्येक जुना पब स्टॉप आहे. बाहेर लटकणारी रंगवलेली पाटी असते, तिचा फोटो आणि दोन ओळी, बास. कोणी विचारत नाही की हा जनरिक का नाही. कारण इथल्या रिव्ह्यूअरला पब म्हणजे गावातले लोक संध्याकाळी जमतात ती जागा हे सांगावं लागत नाही, ते त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं (दुधाबरोबर पब, असो). आता कट_वाढाने वर काय लिहिलंय बघा, "पेपर वाचतात, भांडतात आणि घरी जातात". अरे हेच तर आहे पब! तू उत्तर लिहून वर प्रश्न विचारतोयस.

जाता जाता, इथे हौन्स्लोला श्रीकृष्ण वडापाव आहे, दोन मराठी मित्रांनी २०१० मध्ये सुरू केलं. आता त्याच्या शाखा झाल्यात, त्यामुळे माझ्या डोक्यात प्रश्न आहे की ही चेन धरायची का नाही. माझं मत, हौन्स्लोचं पहिलं दुकान टाकावं, बाकीच्या शाखा नकोत. परदेशात पहिल्यांदा रांगेत उभं राहून मराठीत "दोन द्या" म्हणालो ती जागा आहे ती, मला कोणी जनरिक म्हणून दाखवावं.

निवांत_आजोबा:
आता समजले. मग मी एक सुचवू का? पुण्यातली अमृततुल्ये घ्या. मी अप्पा बळवंत चौकात चाळीस वर्षे नोकरी केली, त्यामुळे या विषयातला माझा अधिकार मान्य व्हावा. खरे अमृततुल्य म्हणजे राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी थाटलेली दुकाने. दुकानाचे नाव बहुतेक देवाचे. मालक स्वतः दर्शनी भागात उंचावर मांडी घालून बसणार, पुढ्यात पितळी पातेले, बाजूला खलबत्ता, वेलदोडा आणि सुंठ तुमच्यादेखत कुटणार, आणि चहा फडक्याने गाळून वरून धार धरणार. ती धार कपात पडताना जो आवाज होतो तो ऐकून आम्ही ऑफिसातून उठायचो. हे "बघण्यासारखे" नाही काय?

गल्लीबोळ:
काका, एकदम बघण्यासारखं आहे आणि तुम्ही नकळत आमच्या सगळ्यात जुन्या दुखण्यावर बोट ठेवलंत. मी एक तसलं जुनं अमृततुल्य टाकलं होतं, पितळी पातेलं, फडकं, सगळं. चेन म्हणून परत आलं!! कारण आता महाराष्ट्रभर नाक्यानाक्यावर "अमुक अमृततुल्य", "तमुक अमृततुल्य" अशा फ्रँचायझी झाल्यात, एकसारख्या पाट्या, एकसारखे कागदी कप. रिव्ह्यूअरने अमृततुल्य शब्द पाहिला की त्याला ती पाटी आठवते आणि तो अंगठा खाली करतो. त्याची चूक नाही, मी अमृततुल्य म्हणजे सगळ्यांना कळतं असं धरून चाललो ही माझी चूक. दुसऱ्यांदा टाकताना पहिलंच वाक्य लिहिलं की ही शाखा नाही, एकाच कुटुंबाचं एकच दुकान आहे, आणि फोटोत पातेल्यामागची ती उंच बैठक घेतली, मालक उठून गेल्यावर. तेव्हा झालं.

मालक उठून गेल्यावर हे महत्त्वाचं आहे बरं का. फोटोत ओळखू येणारे चेहरे नकोत, गाड्यांचे नंबर नकोत. सकाळी शटर उघडल्या उघडल्या जायचं. आणि नेटवरून उचललेला फोटो तर अजिबात नको, ते लगेच पकडलं जातं.

रंकाळा_राउंड:
आता चेष्टा बास, माझा खरा प्रश्न. गाडीचं काय? आमच्याकडं निम्मं खाणं गाड्यांवर आहे. एक गाडी मी जन्मल्यापासनं त्याच खांबाखाली उभी आहे, बापानंतर पोरगा उभा राहिला. मी टाकली तर उत्तर आलं कायमस्वरूपी नाही. आता रात्री गाडी ढकलत घरी नेतात हे खरं आहे पण सकाळी तिथंच येते की. सूर्य पण रात्री जातो, त्याला तात्पुरता म्हणता काय?

आणि विचार करा, वडापाव सुरू केला म्हणून ज्यांचं नाव घेतात ते अशोक वैद्य, १९६६, दादर स्टेशनबाहेर, ती पण गाडीच होती ना. म्हणजे त्या वेळी हा गेम असता तर वडापावचा जन्म झाला ती जागा पण रिजेक्ट!

जिन्याखालची:
@रंकाळा_राउंड हा युक्तिवाद मी कोर्टात वापरणार आहे. :))

पण नियमाच्या बाजूने बोलते. ठिपका जिथे आहे तिथे रात्री दहाला पोचलेल्या माणसाला काहीतरी दिसलं पाहिजे. तुमचा खांब दिसेल. आणि उद्या गाडी हलवायला लावली तर गेममध्ये ठिपका राहतो आणि खाली रिकामा फुटपाथ. मी गाड्यांना नाहीच म्हणते, वाईट वाटून म्हणते. पर्याय म्हणजे खाऊगल्लीची कमान असेल, नावाचा कायमचा बोर्ड असेल तर तो टाकायचा, गल्ली म्हणून.

ठिपकीची_रांगोळी:
म्हापशाहून. आमच्याकडे पण हेच रडगाणं. रस ऑम्लेटचा गाडो संध्याकाळी लागतो, रात्री जातो. दिवसा बघायला गेलात तर रस्त्यावर तेलाचा एक काळा डाग, तेवढीच खूण. :( डाग नॉमिनेट करायचा विचार होता.

चहा-भाजीपावची जुनी टी हाऊसं मात्र होतात, लाकडी बाकं, वर पंखा, सकाळी सगळा बाजार तिथेच. मी एक टाकलं ते पहिल्या फटक्यात झालं. बारचं मात्र कळत नाही, आमच्या कितीतरी जागा अर्ध्या बार अर्ध्या खानावळी, कोण रिव्ह्यूअर दारू दिसली की नाही म्हणतो, कोण म्हणतो चालतं.

हौन्स्लो_लोकल:
@ठिपकीची_रांगोळी पब चालतात म्हणजे तेही चालायला हवं. दारूचं निव्वळ दुकान नाही, पण बसून खायची जागा असेल तर खाण्यावर भर देऊन लिहा.

सदाशिव_मेस:
घरगुती खानावळीचं कुणी सांगेल का? पेठेत एका वाड्यात काकू तीस वर्षं जेवण घालतायत, हजारो पोरं जेवून गेली असतील, एमपीएससीवाले, सीएवाले. आत जाताना चपला काढायच्या, ताट स्वतः उचलायचं, आमटी दुसऱ्यांदा मागितली की काकू बघतात. मला तर महाराष्ट्राच्या प्रशासनाचा पाया तिथं आहे असं वाटतं.

गल्लीबोळ:
काकू त्याच घरात राहतात?

सदाशिव_मेस:
हो. मागच्या खोलीत.

गल्लीबोळ:
मग विसर. राहत्या घराच्या आवारातली जागा म्हणजे सरळ नकार, आणि तो नियम बरोबर आहे. रात्री साडेअकराला चार पोरं वाड्याच्या दाराशी फोन घेऊन उभी राहिली तर काकू आमटीच बंद करतील.

कट_वाढा:
मंडळी अपडेट. काल सकाळी सातला गेलो फोटो काढायला. समोरच्या कट्ट्यावर चढलो, पाटी अख्खी येईना म्हणून दोन पावलं मागं, परत पुढं, असं चाललेलं. तेवढ्यात आतला पोऱ्या बाहेर आला, बघितलं, आत पळाला. मग मालक स्वतः बाहेर, हात पुसत, आणि काही न बोलता बाहेर ठेवलेलं बाकडं उचलून आत न्यायला लागले. मग पाण्याचा पिंप. मग मला म्हणाले, "साहेब, लगेच घेतो आत, पत्र्याचं तेवढं दोन दिवस द्या."

त्यांना वाटलं अतिक्रमणवाले आले फोटो काढायला.

मी वीस वर्षं खातोय तिथं, पण टोपी आणि मास्क होता, ओळखलं नाही. मास्क काढला तर शिव्याच घातल्या मला. मग बसवून चहा दिला आणि मी अर्धा तास त्यांना पोकेमॉन समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गिऱ्हाईक येणार का?" मी म्हटलं येतील की, दोन-चार. तर म्हणे "फोनवाली पोरं एक चहा सांगतात आणि तास काढतात". याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, मी चहाच पीत होतो.

जिन्याखालची:
हे वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. म्हणून आधी विचारावं. नियमात परवानगी लागत नाही, सार्वजनिक जागेवरून फोटो काढता येतो, पण आपल्याकडे टपरीचा, पत्र्याचा फोटो कोणी काढतंय म्हणजे काय होणार हे त्या माणसाला अनुभवाने माहीत असतं. आणि नंतर मालकानेच हरकत घेतली तर ठिपका काढला जातो, तुमची मेहनत वाया.

बरं, फोटो आला का?

कट_वाढा:
आला. पाटी आलीय, दार आलंय, डाव्या बाजूचा खांब आलाय. खांबावर जरा घाण आहे, रंगाच्या रेघा मारल्यात तीन, ते क्रॉप करतो.

गल्लीबोळ:
कसल्या रेघा?

कट_वाढा:
काही नाही हो, पुराच्या. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं त्या. २०१९ ची माझ्या डोक्याच्या वर आहे. गावभागात बऱ्याच ठिकाणी आहेत असल्या.

गल्लीबोळ:
अरे देवा. क्रॉप करतोय म्हणे.

जिन्याखालची:
क्रॉप करू नका!!!

हौन्स्लो_लोकल:
मी खुर्चीतून उठलो. दोनदा रिजेक्ट झाल्यावर आता सांगतोय खांबावर पूररेषा आहे.

कट_वाढा:
अहो पण ते सगळ्यांना माहीतच आहे की. आमच्याकडं जुलै-ऑगस्टात दुसरा विषयच नसतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फूट झालं हे विचारायला सगळे त्याच हॉटेलात जमतात. कुणी पुलावरनं येतं, कुणाच्या फोनवर धरणाच्या विसर्गाचा आकडा आलेला असतो, कुणी म्हणतं कोयनेतनं सोडलंय, आता येतंय. मालक फळ्यावर मिसळीचा दर पुसून फूट लिहितात त्या दिवसात. २०१९ ला ५७ च्या वर गेलं तेव्हा फळाच वाहून गेला. पाणी ओसरल्यावर गल्लीत पहिली चूल यांची पेटली, चिखल काढणाऱ्यांना दोन दिवस फुकट पोहे. हे लिहायचं का नॉमिनेशनमध्ये?

जिन्याखालची:
तुम्ही हे लिहिलंत आणि तरी रिजेक्ट झालं तर मी रिव्ह्यू करणं सोडून देईन.

गल्लीबोळ:
आता नीट ऐक. नाव पाटीवर आहे तेच, एक अक्षर इकडे तिकडे नाही, पुढे "बेस्ट मिसळ" वगैरे लावू नकोस. डिस्क्रिप्शन तीन वाक्यं, मराठीत आणि खाली इंग्रजीत, पोहे फुकट दिल्याचं त्यात नको, ते जाहिरातीसारखं वाटेल, फळ्याचं आणि रेघांचं लिही. मुख्य फोटोत पाटी आणि खांब दोन्ही. दुसरा, आजूबाजूचा फोटो लांबून काढ, गल्ली दिसली पाहिजे, शेजारचं दुकान दिसलं पाहिजे, म्हणजे ही जागा खरंच तिथे आहे हे पटतं. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू भारतात २०२२ ला परत आलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणे, नाशिक, नगर होतं, सांगली नव्हती. तुझ्या गल्लीत ते नसेल तर वरून फक्त पत्रे दिसतील, त्यामुळे तो दुसरा फोटोच तुझा साक्षीदार. पिन पत्र्यावर मधोमध नको, दाराशी लाव.

बाकी रिव्ह्यूअरसाठी जी वेगळी चौकट असते तिच्यात पूर, पूल, हॉटेल याचा संबंध सोप्या इंग्रजीत. इंदूरच्या मुलासाठी. कृष्णा नदी कुठे आहे इथपासून.

रंकाळा_राउंड:
२०१९ ला आम्ही पण पाण्यातच होतो. टाक भावा. या एका वेळी सांगलीच्या मिसळीला माझं मत.

कट_वाढा:
टाकलं. आता वाट.

सदाशिव_मेस:
धागा वर काढतोय. दीड महिना झाला, काय झालं?

कट_वाढा:
अहो परवाच मेल आला. ॲक्सेप्टेड!!! ऑफिसात ओरडलो, साहेबांना वाटलं बढती झाली.

सगळ्यांचे आभार. पण पुढं ऐका. पोकेमॉन गो उघडलं, ठिपका नाही. एक दिवस थांबलो, नाही. दोन दिवस, नाही. मग कळलं की समोर बोळाच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आहे ना, तो आधीपासनं स्टॉप आहे.

गल्लीबोळ:
हां. एकाच एल १७ खान्यात आले. नकाशावर साधारण सत्तर मीटरचे चौकोन असतात, पोकेमॉन गो एका चौकोनात एकच दाखवतो. मारुती आधी आला, मारुतीच राहणार. इन्ग्रेसमध्ये मात्र दोघांत वीस मीटर अंतर असलं की दिसतं. हे आधी तपासायला सांगायचं राहिलं, सॉरी, पूररेषा बघून आम्ही सगळेच वाहवलो.

ठिपकीची_रांगोळी:
मारुतीशी कोण भांडणार. इन्ग्रेस घाल परत.

कट_वाढा:
घातलं. सांगलीत इन्ग्रेसवाला बहुतेक मी एकटाच. आज सकाळी हॉटेलात बसून माझ्याच पोर्टलवर (इन्ग्रेसमधला ठिपका) मी एकट्यानं रेझोनेटर लावले, आमच्या टीमच्या रंगात हिरवं केलं, आणि मालकांना फोन दाखवला, की हे बघा तुमचं हॉटेल. खूश झाले. फोटो मोठा करून बघितला, पाटी बघितली, खांब बघितला. मग म्हणाले, "अरे, हा तर जुना फोटो."

मी म्हटलं जुना कसा, दीड महिन्यापूर्वीचा. तर मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. दिवाळी तोंडावर, त्यात मी सांगून गेलेलो की हॉटेलाचा फोटो जगभर दिसणार, म्हणून त्यांनी खर्च करून दर्शनी भाग रंगवून घेतलाय. पिस्ता कलर. खांबासकट.

जिन्याखालची:
नाही. नाही नाही नाही.

निवांत_आजोबा:
अहो मग रेघा?

कट_वाढा:
गेल्या. मी डोक्याला हात लावून कट्ट्यावर बसलो. त्यांना कळेना एवढं काय झालं. सगळं परत समजावलं, की फोटो त्या रेघांमुळंच पास झाला म्हणून. तेव्हा ते गंभीर झाले, आत गेले, लाल ऑइल पेंटचा डबा आणि पोऱ्याला घेऊन आले, आणि पोऱ्याला स्टुलावर उभं करून खांबावर हात फिरवून फिरवून "इथं, इथं होती" करत तीन रेघा मारून घेतल्या. सालं पण लिहून घेतली. गल्लीतले चार जण जमा झाले, पाच नव्हे सहा इंच खाली होती, नाही वर होती, माझ्या दाराच्या कडीपर्यंत होतं, तुझं दार उंचावर आहे, असलं तासभर चाललं. मिसळ गार झाली माझी.

२००५ आणि २०२१ ची बरोबर असावी, त्यावर सगळ्यांचं एकमत झालं. २०१९ ची त्यांनी स्वतः मारली, कुणाचं ऐकलं नाही.

गल्लीबोळ:
फोटोशी जुळतेय का?

कट_वाढा:
ताडून बघितली. वीतभर वर आहे.